अक्का कुणाला ओळखते

“ती मला ओळखते,” आई म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून त्यांनी तोंडात घातला. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला होता.

गिरीशनं तो संपू दिला नाही. “आई, कोळीण आहे ती. कुत्रं नाही, मांजर नाही. तिला धड दिसतसुद्धा नाही. आठ डोळे आहेत ते नुसते नावाला.”

“तुझ्या बाबांना तरी चष्मा लावून कुठं दिसत होतं? म्हणून काय ते मला ओळखत नव्हते?”

मी मान खाली घालून जेवत राहिले. हसू आलं होतं, पण मायलेकरांच्या वादात सुनेनं हसायचं नसतं, एवढी अक्कल लग्नाला सहा-सात वर्षं झाल्यावर मला आली होती.

इचलकरंजीतलं हे माझ्या सासूबाईंचं घर. बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या, आत मोरी, आणि मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. सासरे त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवायचं काम त्यांचं. गल्लीत सगळे त्यांना मुसळे जॉबर म्हणत. ते गेले, पाठोपाठ वर्षभरात कारखानाही बंद पडला, आणि आई त्या घरात एकट्या राहिल्या. एकट्या म्हणजे त्या आणि अक्का.

अक्का ही टॅरँटुला. तळहाताएवढी, काळीभोर, केसाळ, गुडघ्यांवर केशरी पट्टे. गिरीशनं कॉलेजात असताना मुंबईच्या एका मित्राकडून आणलेली. तेव्हा म्हणे हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. त्यानं नाव ठेवलं होतं रोझी. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी स्वच्छ सांगितलं, घरात एक तर ती राहील नाही तर मी. गिरीशनं दोन दिवस विचार केला, हे मी अजून विसरलेले नाही, आणि मग ती काचेची पेटी इचलकरंजीला आणून ठेवली. “रोझी काय नाव? सर्कशीत कामाला आहे का ती?” असं म्हणून आईंनी तिची अक्का केली. सासरे तिला झुरळं घालायचे. ते गेल्यावर आई घालू लागल्या. झुरळांची बरणी शेंगदाण्याच्या बरणीशेजारीच असायची. त्या घरात मी दाण्याची चटणी कधी खाल्ली नाही.

आता खरं सांगते. मी पाल बघितली तरी पलंगावर चढणारी बाई, पण या अक्काचे माझ्यावर फार उपकार होते. गिरीश दर दोन महिन्यांनी आईंना म्हणायचा, “चल आता पुण्याला.” आई म्हणायच्या, “अक्काला सोडून कशी येऊ? ती मला ओळखते. परक्याच्या हातचं खायची नाही.” आणि अक्का घरात आली तर मी नाही, ही माझी अट होतीच. दोन्ही अटी एकमेकींना धरून घट्ट बसल्या होत्या आणि माझं बरं चाललं होतं. मी मनातल्या मनात अक्काला उदंड आयुष्य चिंतायची.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. कधी टोचून बोलल्या नाहीत. पण त्या बघायच्या. मी कणीक मळायला घेतली की मागे उभं राहून बघायच्या. डाळीला फोडणी दिली की बघायच्या. बोलणारी सासू परवडली, उलट दोन शब्द बोलता तरी येतात. बघणाऱ्या सासूला काय उत्तर द्यायचं? बँकेच्या काउंटरवर दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी यायचं आणि तिथे ही नजर, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

तर त्या दिवशी गिरीश इरेला पेटला. “समजा, ती तुला ओळखत नाही हे मी सिद्ध केलं. मग येशील?”

आई चावायच्या थांबल्या. “कसं सिद्ध करणार?”

“ते मी बघतो. येशील का सांग.”

“मग येईन की.”

“शब्द?”

“मुसळे जॉबरची बायको आहे मी. एकदा बोलले म्हणजे बोलले.”

मला ठसकाच लागला. कारण सासऱ्यांच्या तेराव्याला सगळं गणगोत जमलेलं असताना याच आई याच खोलीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “या घरातून मी आता आडवीच निघणार. पोराच्या दारात ताट धरून बसणार नाही.” तेव्हा चुलतसासूबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. आणि आज एका कोळिणीवरून यांनी घर पणाला लावलं? मी पाणी प्यायले आणि स्वतःची समजूत घातली, की जिंकायची खात्री असल्याशिवाय ही बाई असं बोलायची नाही.

पैजेच्या अटी आईंनीच ठरवल्या. रोज दिवेलागणीला त्या पेटीतल्या वाटीत पाणी घालत, काचेवर नखानं टकटक करत आणि म्हणत, “या अक्का.” की अक्का नारळाच्या करवंटीखालून बाहेर येऊन काचेशी उभी राहायची. दुसऱ्या कुणी टकटक केलं तर यायची नाही, असं आईंचं म्हणणं.

“म्हणजे मी टकटक केलं आणि आली, तर तुझं म्हणणं खोटं,” गिरीश म्हणाला.

“तेवढ्यानं नाही. तुला आली आणि मला आली नाही, तर खोटं. आज तू कर, उद्या मी करते. एका दिवसात दोनदा नाही सतवायचं तिला. तू पाहुणा, पहिला मान तुझा.”

“पण तिचं पोट भरलेलं पाहिजे हं आई. भुकेली असली तर ती कुणासाठीही येईल.”

“कालच घातलंय की. टम्म आहे अगदी.”

गिरीश खूश झाला. मला समजावू लागला, “वृषाली, हे लोक पोट भरलं की आठ-आठ दिवस जागचे हलत नाहीत. तेव्हा आज जर ती बाहेर आली ना, तर ती ओळखीनंच, दुसरं कारणच नाही.” टॅरँटुलांना तो ‘हे लोक’ म्हणायचा. मी मान डोलावली.

संध्याकाळी आईंनी देवापुढे दिवा लावला आणि आम्ही तिघं पेटीपुढे बसलो. मी जरा मागे, उंबऱ्यापाशी, पळायला बरं म्हणून. गिरीशनं वाटीत पाणी घातलं. बोट काचेला लावलं. टक, टक, टक.

“या अक्का म्हण,” आई म्हणाल्या.

“या अक्का.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं. मग करवंटीच्या फटीतून एक पाय आला. मग दुसरा. घाई न करता, एकेक पाय टेकवत अक्का बाहेर आली, भुशावरून चालत काचेपर्यंत आली आणि गिरीशच्या बोटासमोर पुढचे दोन पाय काचेला लावून उभी राहिली.

“आली!” गिरीश ओरडला. “आई, बघ, आली! अगं, ओळखलं हिनं मला! सात वर्षांनी ओळखलं!”

छत्तीस वर्षांचा माणूस, हाताखाली वीस इंजिनियर, आणि डोळ्यांत पाणी. पैजबिज सगळं विसरून तो काचेला नाक लावून बसला. आई त्याच्याकडे बघत होत्या, अक्काकडे नाही.

“तूच आणलेलीस,” त्या म्हणाल्या. “तुला नाही ओळखणार तर कुणाला?”

अर्धी पैज गेली होती. रात्री गिरीशनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि अक्का हरभऱ्याएवढी होती तेव्हाच्या गोष्टी सांगत बसला. मी आपली उद्याच्या संध्याकाळकडे डोळे लावून होते. उद्या आईंसाठी अक्का बाहेर आली, की बरोबरी. पैज फिसकटली की आम्ही दोघं आमच्या घरी.

दुसऱ्या दिवशी रविवार. गिरीश जेवून जुन्या मित्रांना भेटायला गेला. मी दारापुढच्या दोरीवरचे कपडे काढून आत येते तो काय, आई पेटीपुढे बसलेल्या, मांडीत झुरळांची बरणी, हातात चिमटा. एक झुरळ त्यांनी आत सोडलं. करवंटीखालून अक्का विजेसारखी आली, झडप घातली, आणि परत आत. आईंनी दुसरं सोडलं. मग तिसरं.

मी दारातच थांबले. आधी तर मला आनंदच झाला. म्हटलं, वा, आई लाच देतायत! खाऊ घालून संध्याकाळी बोलावणार. द्या, पोटभर द्या. आणि मग कालचं गिरीशचं बोलणं आठवलं, की पोट भरलं की हे लोक जागचे हलत नाहीत. सात वर्षं तिला सांभाळणाऱ्या बाईला हे माहीत नसेल?

“आई,” मी म्हटलं, “परवाच घातलं होतंत ना तिला?”

त्या दचकल्या नाहीत. बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, “नाही घातलं परवा.”

“मग?”

“तुम्ही येणार म्हणून फोन आला तेव्हापासून उपाशी ठेवलेली. तीन आठवडे झाले असतील.”

कपड्यांचा गठ्ठा तसाच उराशी धरून मी खाली बसले. “म्हणजे काल गिरीशला ती…”

“भुकेनं आली. मला पण भुकेनंच येते. तू टकटक केलं असतंस तर तुला पण आली असती.”

“आणि आज नाही येणार.”

“कशाला येईल? जेवली की आता.” त्यांनी पदराला हात पुसले.

“आई, म्हणजे तुम्ही हरणार आहात? मुद्दाम?”

“हळू बोल. भिंतीपलीकडं शेजारची सुमन झोपलीय.”

“आणि गिरीशनं पैज लावलीच नसती तर?”

“न लावून जातोय कुठं? दुसरीत असल्यापासून पैजा लावतोय. त्याला थोडं खिजवलं की लावतोच.”

आई उठल्या, बरणी फळीवर ठेवली, परत आल्या आणि माझ्यासमोर बसून गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढून घडी घालू लागल्या. घड्या घालता घालताच त्यांनी सांगितलं.

“श्रावणात मी मोरीत पडले. तुम्हाला नाही सांगितलं. अंघोळ करून उठताना पाय सरकला आणि कंबर अशी धरली की बसता पण येईना. कारखाना चालू होता तेव्हा भिंतीपलीकडं सदा माणसं. एक हाक मारली की दहा जण आले असते. आता कोण? सुमन माहेरी गेलेली. मी ओरडून ओरडून थकले. मोरीचं दार उघडं होतं. तिथनं ही पेटी समोर दिसते बघ.”

मी वळून बघितलं. दिसत होती.

“मग मी तांब्या आपटायला लागले. फरशीवर. चांगला पितळी तांब्या, पोचे पडले त्याला. म्हटलं, नुसत्या नखाच्या आवाजाला ही बाहेर येती, मग एवढं आपटलेलं कळणारच की. बाहेर येईल. येऊन काय करणार होती, ते सोड. पण बघेल तरी माझ्याकडं. कुणीतरी बघावं असं वाटतं गं.” त्यांनी टॉवेल बाजूला ठेवून दुसरा घेतला. “नाही आली. आदल्या दिवशीच पोटभर घातलेलं. संध्याकाळी दूधवाली आली तिनं गल्ली गोळा केली. तोवर मी तिथंच. त्या दिवशी कळलं मला, ही ओळखतबिळखत काही नाही. तिचा काय दोष? तिला देवानं तसंच केलंय.”

“अहो आई, मग चला म्हणायचं होतं! गिरीश किती वेळा विनवतो तुम्हाला!”

“कुठल्या तोंडानं? तेराव्याला सगळ्यांसमोर काय बोलले, ऐकायला तू होतीसच. आणि आता मला एकटीला भीती वाटतीय, मला घेऊन चला, असं म्हणू? तुझी चुलतसासू हसून हसून मरेल.” त्यांनी घातलेली घडी मोडली आणि परत घातली. “पैजेत हरून आले, तर चालतंय. हरतंय माणूस. मागून आले, असं नको.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते त्यांचं नेहमीचं बघणं.

“तुला सांगायचं असेल तर सांग त्याला. तुझं पण घर आहे ते. मी तिथं आलेली तुला नको, ते मला कळतंय. पण त्याला हे कळलं, तर मग जीव गेला तरी मी येणार नाही. काय ते तू ठरव.”

‘छे हो, असं काही नाही,’ हे जिभेवर आलं होतं. पण त्या नजरेपुढे खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. तेवढ्यात दारात गिरीशच्या चपला वाजल्या. तो भडंगाच्या पुड्या घेऊन आला होता. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासायला घेतली.

सबंध दुपारभर एक वाक्य माझ्या तोंडात घोळत होतं. ‘अरे, काल अक्का उपाशीच होती बरं का, आईंनी आज घातलं तिला.’ सहज, चहा गाळता गाळता म्हणण्यासारखं. मला कुणी नाव ठेवलं नसतं. गिरीश म्हणाला असता, मग पैज रद्द. आई इथे, मी तिथे, सगळं होतं तसं. चहा गाळला, दोनदा त्याच्या समोर कप ठेवायला गेले, तो मित्रांचे किस्से सांगत होता. मी ऐकत राहिले. मोरीत तोंड धुवायला गेले तर कोनाड्यात तो तांब्या. खरंच पोचे पडले होते. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. असल्या गोष्टी माणसानं सुनेला सांगाव्यात कशाला? सांगून मोकळ्या झाल्या आणि ओझं माझ्या डोक्यावर.

दिवेलागण झाली. आईंनी साडी बदलली होती, केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. पेटीपुढे बसल्या, वाटीत पाणी घातलं, नख काचेला लावलं.

“या अक्का.”

काही हललं नाही.

“या की गं. या.”

करवंटी तशीच. आईंचा आवाज कापरा झाला. मला सगळं माहीत होतं, तरी मला नाही वाटत ते नाटक होतं. परत त्यांनी टकटक केलं. गिरीश म्हणाला, “अजून एकदा कर, आई. जरा जोरात.” त्यांनी केलं. अक्का आत पोट भरून पडली होती, कशाला येते?

“हरले मी,” आई म्हणाल्या.

गिरीशनं उड्या मारायला हव्या होत्या. पण त्याचं तोंड उतरलं. तो आईंच्या शेजारी फतकल मारून बसला आणि त्यांचा हात त्यानं हातात घेतला.

“राहू दे गं. मी उगाच पैज लावली. तू एवढी वर्षं तिचं केलंस, आणि मी एका दिवसात येऊन… मला नको असं. तुला इथंच राहायचंय ना? राहा. तुझं घर मी असं खेळात जिंकून घेणार नाही. मला माझीच लाज वाटायला लागलीय.”

“नाही, पण मी शब्द दिलेला…”

“शब्द मी सोडला. परत कधी मी तुला चल म्हणून त्रास देणार नाही. झालं?”

माझा नवरा चांगला माणूस आहे. पण चांगुलपणालाही काही वेळकाळ असावा की नाही! आता आई काय म्हणणार होत्या? नाही रे बाबा, मला ने? तेच तर म्हणायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात, काही नव्हतं. मग त्या हळूच “बरं” म्हणाल्या आणि पदरानं पेटीची काच पुसू लागल्या.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की सकाळी निघून दुपारी आपल्या घरी, आपलं स्वयंपाकघर, आपली कणीक. आणि गिरीश म्हणाला तसा तो परत कधी विचारणारही नव्हता, म्हणजे कायमचीच सुटका. आई काच पुसत होत्या. ती स्वच्छच होती, तरी पुसत होत्या.

“वा रे वा!” मी म्हटलं.

दोघांनी वर बघितलं.

“असं कसं शब्द सोडला? तुझ्या एकट्याचा आहे का तो? माझ्यासमोर पैज लागलीय. आई हरल्या. हरल्या म्हणजे यायचं. जिंकल्या असत्या तर ऐकून घेतलं असतं का त्यांनी आपलं?”

“वृषाली,” गिरीश म्हणाला, “काय बोलतेस कळतंय का तुला?”

“चांगलं कळतंय. दर दोन महिन्यांनी रजा काढायची, इथवर यायचं, मिनतवाऱ्या करायच्या आणि हात हलवत परत जायचं. मला नाही जमणार आता. काय तो एकदाचा निकाल लागलाय ना? आई, ट्रंक कुठाय तुमची? उद्या सकाळी निघायचं. आणि शब्दाच्या एवढ्या पक्क्या आहात ना तुम्ही, मग दाखवा.”

“तू माझ्या आईशी बोलतीयस!”

“मग? पैज काय माझी आई हरलीय?”

गिरीशचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हा चढवणार होता. पण आई उठून उभ्या राहिल्या.

“तू गप रे,” त्या म्हणाल्या. “बरोबर बोलतीय ती. मी शब्द दिलाय आणि माझा शब्द सोडायला तू कोण? हरले तर हरले. यायलाच लागतंय.” मग पेटीकडे बोट दाखवून, “पण हिचं काय करायचं?”

मी अक्काच्या पेटीकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. “तिनं गिरीशला ओळखलंय ना? मग येऊ दे तिलाही. पण ती बरणी माझ्या स्वयंपाकघरात दिसली तर बघा.”

ट्रंक पलंगाखाली होती. मी ती ओढायला गेले तर हलेना. कशीबशी बाहेर काढून झाकण उघडलं. आत साड्यांच्या घड्या, सासऱ्यांचा फोटो, औषधांचा डबा, अगदी कडेला लोणच्याची बरणी फडक्यात बांधलेली. सगळं भरून तयार होतं. आई माझ्या मागेच उभ्या होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता कपाटाची दारं उघडझाप करत राहिलो. बाहेर गिरीशला वाटायला नको का, की आई सामान भरतायत?

हे त्याला आजही माहीत नाही. आई आमच्याकडे नऊ वर्षं राहिल्या आणि तिथेच गेल्या. नऊ वर्षं माझ्या मागे उभ्या राहून कणकेकडे बघत होत्या. मला त्याची सवय झाली असं म्हणणार नाही. कधीकधी मी भांडले, कधी त्यांनी दोन दिवस अबोला धरला. अक्का त्यांच्या खोलीत होती, टकटक केलं की भुकेप्रमाणे यायची नाही तर नाही यायची. गिरीश पाहुण्यांना सांगायचा, “मला ओळखते ती.” आणि मी चहा आणायला गेले की हळूच हेही सांगायचा, की आमच्या हिचं एरवी सगळं चांगलं आहे हो, पण आईला हिनं एकदा फार कठोरपणे तिच्या घरातून काढून आणलं. ते आत मला ऐकू यायचं. आई तिथेच बसलेल्या असायच्या.

त्या सकाळी इचलकरंजी सोडली तेव्हा गिरीश गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, आई मागे, आणि त्यांच्याजवळ सीटवर शालीत गुंडाळलेली अक्काची पेटी. निघताना सगळी गल्ली दारात आली होती. “काय करणार, पैज हरले,” असं आई प्रत्येकीला सांगत होत्या. सुमननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना फरफटत नेतेय.

गिरीश माझ्याशी बोलत नव्हता. पेठ नाका गेला, कऱ्हाड गेलं, त्यानं मला पाणी हवंय का, एवढंही विचारलं नाही. शेवटी उंब्रजच्या पुढे कुठेतरी समोर बघतच म्हणाला, “झालं तुझं समाधान?”

“झालं,” मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

तेव्हा माझी सीट आणि दार यांच्या फटीतून मागून एक हात आला. सुरकुतलेला, गार. चाचपडत त्यानं माझा हात शोधला आणि घट्ट धरला.

“फार कडक बायको मिळाली बाबा तुला,” आई मागून मोठ्यानं गिरीशला म्हणाल्या, आणि माझा हात त्यांनी सोडला नाही.